जाहिरातीत धीर दिसतो, पत्ता दिसत नाही

कॉलेज रोडवरच्या एका इमारतीसमोरून मी सात वर्षं रोज गेले. सकाळी सातपूरला कामावर जाताना आणि संध्याकाळी घरी येताना. खाली औषधाचं दुकान, पहिल्या मजल्यावर नीट-जेईईचा क्लास, शेजारी दातांचा दवाखाना. तिन्ही पाट्या मला आजही रंगासकट आठवतात. त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दर शनिवारी वीस-पंचवीस माणसं जमतात, एकेक जण उठून बोलतो, बाकीचे ऐकतात आणि बोलणं कसं झालं ते त्याला नीट समजावून सांगतात, हे मला कळलं तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. कळलं तेही योगायोगाने. पुण्याहून ऑडिटला आलेल्या एका बाईंनी जेवणाच्या सुट्टीत सहज विचारलं, “तुमच्या नाशिकला टोस्टमास्टर्सचे क्लब आहेत की. तुम्ही जात नाही का?”

तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

त्या सात वर्षांतली एक गोष्ट सांगते. मी क्वालिटी विभागात होते. एका सुट्या भागाला वारंवार तडा का जातो, याचं कारण मी तीन महिने खपून शोधून काढलं होतं. ग्राहकाची माणसं आली तेव्हा साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही सगळं लिहून द्या, बोलायचं तो बघेल.” तो म्हणजे माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेला मुलगा. त्याने चांगलं मांडलं, पाहुणे समाधानाने गेले. मला त्या वेळी राग आला नाही, उलट हायसं वाटलं. आणि हायसं वाटल्याची खंत पुढे कित्येक वर्षं गेली नाही. बढतीची वेळ आली तेव्हा मला सांगण्यात आलं, “काम उत्तम आहे तुमचं, पण चार लोकांपुढे उभं राहता आलं पाहिजे.” ते कुठे शिकायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसावं. आणि शिकायची जागा माझ्या रोजच्या वाटेवर, दोन जिने वर होती.

म्हणून मला हे मांडायचं आहे. गावात असलेली, गावाला हवी असलेली आणि जवळजवळ फुकट मिळणारी ही गोष्ट लोकांपर्यंत पोचत नाही, कारण तिचा उच्चार कुठेच होत नाही. तो उच्चार जाहिरातींनी करायला हवा. क्लबने स्वतःची होर्डिंग लावावीत असं मी म्हणत नाही, तेवढे पैसे कुठल्याच क्लबकडे नसतात. दुसऱ्या कशाच्या तरी जाहिरातीत, जाता जाता, एखादं वाक्य यावं, एवढंच मागणं आहे.

स्टेज आणि माइक आपण जाहिरातींमध्ये सतत पाहतो. केसातला कोंडा गेला की मुलगा कॉलेजच्या स्टेजवर चढतो. दात चमकले की मुलगी मुलाखतीत घडाघडा बोलते. सुटाचं कापड चांगलं असलं की साहेबाच्या भाषणाला सभागृह उभं राहून टाळ्या देतं. फेअर अँड लव्हलीच्या जाहिराती तर वर्षानुवर्षं हेच सांगत आल्या. त्यातल्या एका गाजलेल्या जाहिरातीत क्रीम लावणारी मुलगी पुढे क्रिकेटची समालोचक होते. २०२० साली कंपनीने नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ आणला. त्यामागे गोरेपणाच्या हव्यासावर झालेली टीका होती आणि ती टीका रास्तच होती. पण त्या गोष्टीतली दुसरी खोट फारशी चर्चेत आली नाही. समालोचन करायला शब्द लागतात, श्वासावर ताबा लागतो, चुकलं तरी पुढे बोलत राहायची सवय लागते. हे सगळं महिनोन्‌महिने घोटावं लागतं. ते घोटणं अर्ध्या मिनिटाच्या गोष्टीत बसत नाही, म्हणून जाहिरात ते गाळून टाकते आणि त्या जागी बाटली नाहीतर ट्यूब ठेवते.

याचा परिणाम मी स्वतःवर पाहिला आहे. माझे वडील निफाड तालुक्यातले द्राक्षबागाईतदार. शाळा जिल्हा परिषदेची. भाषण म्हणजे काय, तर गुरुजींनी लिहून दिलेला कागद पाठ करायचा आणि पंधरा ऑगस्टला ‘सन्माननीय अध्यक्ष, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ इथपासून एका दमात शेवटपर्यंत म्हणून टाकायचा. मधे एक शब्द विसरला की संपलं. चौथीत माझा तो शब्द विसरला. त्यानंतर नोकरी लागेपर्यंत मी माइकसमोर उभी राहिले नाही. टीव्हीवर बोलणाऱ्या मुली पाहून मला वाटायचं, यांचं काहीतरी मुळातच वेगळं असणार. रंग, शाळा, घरात बोलली जाणारी भाषा, काहीतरी. सरावाने हे येतं आणि सरावाची जागा असते, हे मला सांगणारं एकही चित्र माझ्यासमोर आलं नाही.

आता ती जागा आतून कशी असते ते जरा सावकाश सांगते, कारण नुसतं नाव कळून उपयोग नाही.

सभा दीड-दोन तासांची. प्रत्येकाला काहीतरी काम असतं. एक जण सूत्रसंचालन करतो. एक जण वेळ पाहतो. त्याच्या हातात हिरवं, पिवळं आणि लाल अशी तीन कार्डं असतात. तयारीचं भाषण साधारण पाच ते सात मिनिटांचं. पाच मिनिटं झाली की हिरवं, सहाला पिवळं, सातला लाल. आपल्याकडे ‘माझे दोन शब्द संपवतो’ म्हणून पुढे वीस मिनिटं बोलणारे वक्ते ज्यांनी सोसले आहेत, त्यांना त्या लाल कार्डाची किंमत लगेच कळेल. आणखी एक जण नुसता अडखळण्याचे शब्द मोजतो. ‘अं’, ‘म्हणजे’, ‘तर मग’, ‘ॲक्च्युअली’, ‘काय म्हणतात त्याला’. माझ्या पहिल्या भाषणात ‘म्हणजे’ एकोणीस वेळा आला होता. ते ऐकून मला लाज वाटायला हवी होती, पण सांगणाऱ्याच्या आवाजात टोचणी नव्हती आणि पुढच्या भाषणात तो आकडा अकरावर आला.

सगळ्यात मोलाचा भाग असतो मूल्यमापनाचा. तुमचं भाषण झालं की दुसरा सभासद उठतो आणि दोन-तीन मिनिटांत तुम्हाला सांगतो की काय पोचलं, काय पोचलं नाही आणि पुढच्या वेळी एक गोष्ट कोणती बदलावी. हे बोलणं शिकण्याइतकंच ऐकणं शिकवतं. घरात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण एकमेकांना एकतर ‘छान झालं’ म्हणतो नाहीतर पाठीमागे नावं ठेवतो. तोंडावर, आपुलकीने आणि उपयोगी पडेल असं बोलायची सवय मला इथे लागली. याशिवाय आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचं एक सत्र असतं. ‘तुमच्या गल्लीतला आवडता आवाज’ असा विषय एकदा मला मिळाला होता आणि मी घंटागाडीवर बोलले. पाहुण्यांना सभेला येऊन बसायला पैसे पडत नाहीत, बोललंच पाहिजे अशी सक्तीही नसते.

ही पद्धत शंभर वर्षांची आहे. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी १९०५ साली अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन गावच्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेत तरुण मुलांसाठी असा पहिला गट चालवला, आणि २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना इथे, वायएमसीएच्याच तळघरात, आजच्या संघटनेचा पहिला क्लब सुरू केला. बायकांना अधिकृत सभासदत्व १९७३ साली मिळालं, इतक्या उशिरा. आज सुमारे दीडशे देशांत अडीच लाखांहून अधिक सभासद आहेत. आपल्या नाशिकचं एचपीटी कॉलेजही १९२४ सालचंच. कॉलेजचं नाव रिक्षावाल्याला सांगितलं की तो पत्ता विचारत नाही. क्लबचं नाव सांगितलं की माझी मामी विचारते, “टोस्ट? चहात बुडवायचे?” मामीचं काही चुकत नाही. मेजवानीत पेले उंचावताना जो सूत्रसंचालन करतो तो इंग्रजांचा टोस्टमास्टर. आपल्याकडे ती रीत नाही, त्यामुळे तो शब्द कानावर पडून काहीच उलगडत नाही. नावातून अर्थ कळत नसेल, तर नावापाठोपाठ अर्थ सांगणारं एक वाक्य लागतं. जाहिरातीत ते वाक्य यायला हवं, असं मी म्हणते ते म्हणूनच.

“चांगली गोष्ट आपोआप पसरते, तिला जाहिरात कशाला?” असं मला आमच्याच क्लबमधल्या ज्येष्ठ सभासदांनी विचारलं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांचं हे म्हणणं मला पटत नाही आणि न पटण्याचं कारण आमच्याच पाहुण्यांच्या वहीत आहे. सभेला येणारा प्रत्येक पाहुणा त्या वहीत नाव लिहितो आणि ‘आमच्याबद्दल कसं कळलं?’ हा रकाना भरतो. मी एका शनिवारी बसून तीन वर्षांची पानं चाळली. ‘ऑफिसमधल्या मित्राने सांगितलं.’ ‘टीम लीडरने सांगितलं.’ ‘बहीण पुण्यात सभासद आहे.’ ‘मित्र.’ ‘मित्र.’ ‘मित्राचा मित्र.’ पानामागून पान हेच. आणि व्यवसायाच्या रकान्यात इंजिनिअर, सॉफ्टवेअर, बँक, सीए, पुन्हा इंजिनिअर.

ओळखीतून पसरणारी गोष्ट ओळखीतच फिरत राहते. इंजिनिअर इंजिनिअरला घेऊन येतो, बँकेतला बँकेतल्याला. सिडकोतल्या शिवणकामाच्या दुकानातल्या ताईची, अंबडच्या कारखान्यात मशीनवर उभ्या असलेल्या मुलाची, पंचवटीत पूजासाहित्य विकणाऱ्या दादाची अशी ओळख नसते. त्यांच्यापर्यंत पोचायला अनोळखी माणसाशी बोलणारं माध्यम लागतं, आणि जाहिरात हे तसं माध्यम आहे. ती कुणाची जात, पदवी, भाषेचा हेल विचारत नाही. होर्डिंग सगळ्यांना सारखंच दिसतं. जाहिरातीची निंदा पुष्कळ करता येईल, पण तिच्यातला हा सपाटपणा मला मौल्यवान वाटतो.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना ठरवून स्वतःचा प्रचार करत नाही. लोकांनी ओढीने यावं, असं त्यांचं तत्त्व आहे. त्यांच्यापाशी त्याला सबळ कारण आहे, येणाऱ्याचं नाव गुप्त राहावं लागतं. बोलायला शिकणाऱ्याला काय लपवायचं आहे? आमचा संकोच केवळ सवयीचा आहे.

दुसरं कारण पैशाचं आहे आणि ते कुणी उघड मांडत नाही म्हणून मांडते. क्लबआधी मी एका व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासला गेले होते. त्याची जाहिरात मी सिटीलिंक बसच्या थांब्यावर पाहिली, पेपरात पाहिली, फोनवर पाहिली. दहा दिवसांत स्टेज गाजवा, असं काहीतरी लिहिलेलं. फी माझ्या पगाराच्या मानाने चांगलीच होती. दहा दिवस सर बोलले आणि आम्ही साठ जणांनी ऐकलं. माझ्या वाट्याला माइक आला तो शेवटच्या दिवशी तीन मिनिटं. त्या क्लासची पाटी शहरभर दिसत होती, कारण पाटीचा खर्च आमच्या फीमधूनच निघत होता. क्लबमध्ये वर्गणी थोडी असते, चालवणारे सभासदच असतात आणि कुणाच्या खिशात काही जात नाही. ज्यात कुणाला नफा नाही त्याची पाटी कोण रंगवणार? त्यामुळे महाग गोष्ट चौकाचौकात दिसते आणि स्वस्त, चांगली गोष्ट जिन्याआड राहते. तिला दुसऱ्याच्या पाटीवर ओळभर जागा मिळाली तरच ती दिसेल.

अशी ओळभर जागा काय करू शकते, याचे दाखले आपल्यासमोर आहेत. अंडी विकणाऱ्या कुठल्याही एका कंपनीने ‘संडे हो या मंडे’ म्हटलं नव्हतं. १९८२ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीने, सगळ्या कुक्कुटपालकांच्या वतीने, अंडं ही रोज खायची गोष्ट आहे एवढंच देशाच्या कानात घातलं. म्युच्युअल फंडांचं तेच. २०१७ पासूनच्या ‘सही है’ मोहिमेत एका फंडाचं नाव नव्हतं. गुंतवणूकदारांच्या शिक्षणासाठी दर शंभर रुपयांमागे दोन पैसे बाजूला काढावेत असा सेबीचा नियम होता, त्यातून ती उभी राहिली आणि फंड हा शब्द निफाडच्या पारावर पोचला.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो रोटरीचा दाखला. १९८५ साली रोटरीने पोलिओ निर्मूलनाचं काम हाती घेतलं. १९९५ पासून आपल्याकडे पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जे फलक लागायचे त्यांच्या कोपऱ्यात ते दातेरी चाक, म्हणजे रोटरीचं चिन्ह, असायचं. फलक रोटरीचा नव्हता, लसीचा होता. तरीही रोटरी नावाची काहीतरी संस्था आहे आणि ती चांगलं काम करते, हे आमच्या आजीला ठाऊक झालं. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला, तोपर्यंत ते चाक गावोगाव ओळखीचं झालं होतं. दुसऱ्याच्या चांगल्या कामाच्या फलकावर कोपऱ्यात येणं म्हणजे काय, ते हेच.

आता नाशिकपुरतं बोलू. या शहराला बोलण्याचं वावडं कधीच नव्हतं. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह इथेच सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर जे बोलले, त्या एका वाक्याने लाखो लोकांच्या आयुष्याची दिशा बदलली. मे महिना लागला की गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. दिवसभराच्या उन्हाने तापलेल्या दगडांवर पाण्याकडून वारा येतो आणि माणसं रोज संध्याकाळी नव्या वक्त्याला ऐकायला जमतात. मी लहानपणी आत्याकडे राहायला आले की तिथे जायचे. हे शहर फार चांगलं ऐकतं. पण एका व्याख्यानात बोलणारा एक असतो आणि ऐकणारे शेकडो. घरी जाताना ऐकणाऱ्याच्या गळ्यात अडकलेलं तसंच राहतं. पुण्यात वसंत व्याख्यानमाला चालवणाऱ्या संस्थेचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा आहे. वक्तृत्वाला उत्तेजन, हा एकोणिसाव्या शतकातल्या माणसांनी योजलेला शब्द. नुसतं ऐकवावं एवढाच त्यांचा हेतू असता तर नाव वेगळं ठेवलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

आणि सत्तावीस फेब्रुवारी. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. कुसुमाग्रज नाशिकचे, त्यामुळे त्या आठवड्यात शहरभर शुभेच्छांचे फलक लागतात. नेत्यांचे चेहरे, तात्यासाहेबांचा फोटो, खाली हार्दिक शुभेच्छा. त्यातल्या एकाही फलकावर मी असं वाचलेलं नाही की ‘मराठीत चार लोकांसमोर बोलायचं आहे? अमुक दिवशी इथे या.’ फलकाचा खर्च झालेलाच असतो. शुभेच्छांखाली चार बोटं जागा रिकामीच असते. भाषेचा गौरव करणाऱ्याने भाषा बोलायची जागा दाखवली, तर तो गौरव दुसऱ्या दिवशीही टिकेल.

इथे आमच्या क्लबांची चूकही सांगितली पाहिजे. बहुतेक सभा इंग्रजीत होतात. संघटनेचा तसा नियम नाही, क्लब कुठल्याही भाषेत चालवता येतो. पण येणाऱ्यांना इंग्रजीच सुधारायचं असतं आणि मग मराठीत बोलू इच्छिणारा दारातूनच परत जातो. जाहिरातीत उल्लेख व्हावा असं म्हणायचं आणि आलेल्या माणसाला त्याच्या भाषेत बोलू द्यायचं नाही, हे चालणार नाही. आम्ही भांडून महिन्यातली एक सभा मराठीत करून घेतली आहे. त्या दिवशी तीच माणसं वेगळीच बोलतात. एक सभासद, जे इंग्रजीत नेहमी आकडेवारी सांगायचे, ते मराठीत पहिल्यांदा आईबद्दल बोलले.

आणखी एक अडचण मला मान्य आहे. टोस्टमास्टर्स हे नोंदणीकृत नाव आहे, ते वापरायला संस्थेची परवानगी लागते. एखाद्या साबणाच्या जाहिरातीत ते नाव घातलं तर संस्था साबणाची शिफारस करते असा अर्थ निघेल, आणि ते कुणालाच नको. पण माझा आग्रह त्या नावासाठी नाही. ‘भाषणाच्या सरावाचा क्लब’ एवढं म्हटलं तरी पुरे. तसा क्लब टोस्टमास्टर्सचा असेल, वाचनालयाने चालवलेला असेल किंवा गल्लीतल्या मित्रमंडळाने गणपतीनंतर चालू ठेवलेला असेल. १८४० सालापासून चालत आलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय याच शहरात आहे. जागेला तोटा नाही. जाहिरात लिहिणाऱ्याने फक्त गोष्टीत एक पायरी वाढवायची. शाम्पू लावून मुलगी स्टेजवर जाऊ दे, खुशाल जाऊ दे. त्याआधी दोन सेकंद ती एका साध्या खोलीत दहा माणसांसमोर अडखळताना दिसू दे, आणि समोर कुणीतरी हिरवं कार्ड धरलेलं दिसू दे. बघणारी मुलगी विचारेल, ही खोली कुठे असते?

गर्दी झाली तर? हा प्रश्नही मला विचारला गेला. एका सभेत तयारीची तीन-चार भाषणं होतात, शंभर माणसं आली तर कुणाची पाळी येणार? खरं आहे. पण नवा क्लब नोंदवायला वीस सभासद लागतात. शंभर आले तर पाच क्लब होतील. एक सिडकोत, एक नाशिकरोडला, एक सिन्नरला. जागेच्या आणि अनुभवी माणसांच्या अडचणी येतील, त्या सोडवाव्या लागतील. कुणीच न येण्याच्या अडचणीपेक्षा त्या मला बऱ्या वाटतात.

हे सगळं नोकरी-बढतीपुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या, २०११ साली महाराष्ट्राने ते प्रमाण वाढवून पन्नास टक्के केलं. आमच्या तालुक्यात कितीतरी बाया सरपंच झाल्या. त्यातल्या एकीला मी जवळून ओळखते. पाणीयोजनेची फाइल तिला तोंडपाठ आहे. कुठल्या गल्लीत पाइप किती इंचाचा पडला हे ती झोपेत सांगेल. ग्रामसभेत मात्र बोलतात तिचे मिस्टर. लोक म्हणतात, नवरा बोलू देत नाही. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तिने मला सांगितलं: “वहिनी, उठले की घसा कोरडा पडतो. सगळ्यांच्या नजरा अंगावर येतात.” राज्यघटनेने तिला खुर्ची दिली. घसा कोरडा पडला तरी पहिलं वाक्य कसं म्हणायचं, हे शिकायची जागा कुणी दिली नाही. कांद्याचे भाव पडले की लासलगावच्या बाजार समितीत हाच समाज टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर इतकं थेट आणि नेमकं बोलतो की निवेदक गप्प होतो. म्हणजे शब्दांची वाण नाही. संकट नसतानाही, शांतपणे, आपली बाजू मांडायची सवय नाही. त्या सरपंच बाईच्या फोनवर दिवसाला पन्नास जाहिराती येत असतील. त्यातल्या एकीतही, ही सवय लावून घ्यायची जागा असते असं तिला कुणी सांगितलेलं नाही.

मोठ्या जाहिराती मुंबईत ठरतात, तिथे माझं कोण ऐकणार? म्हणून मी छोट्यापासून सुरुवात केली. आमच्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात एक कॅलेंडर असतं आणि ते बहुधा एखाद्या पतसंस्थेने नाहीतर सराफाने दिलेलं असतं. दूध कधी नाही घेतलं, गॅस कधी लावला, सगळं त्याच्यावर लिहिलं जातं. जाहिरात म्हणून याहून जास्त वेळा पाहिली जाणारी वस्तू मला माहीत नाही. मागच्या दिवाळीच्या आधी मी निफाडकडच्या एका पतसंस्थेच्या चेअरमनकाकांना भेटले. त्यांच्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या पानाखाली बचतीबद्दल एक ओळ असते. मी म्हटलं, काका, एका महिन्याची ओळ मला द्या. त्यांनी विचारलं, “यात आमचा काय फायदा?” मी म्हटलं, तुमच्या वार्षिक सभेत सभासद उठून प्रश्न विचारतील. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “मार्चची ओळ घे.”

ओळ अशी होती: ‘चार लोकांत बोलायची भीती वाटते? नाशिकमध्ये भाषणाच्या सरावाचे क्लब भरतात. बघायला या, पैसे लागत नाहीत.’ खाली फोन नंबर.

मार्चमध्ये सात फोन आले. चौघांनी फी विचारली आणि बघायला यायची फी नाही म्हटल्यावर संशयाने फोन ठेवून दिला. एका आजोबांनी नातवासाठी चौकशी केली. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी पिंपळगाव बसवंतहून एक बाई आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, बचत गटाच्या अध्यक्ष. एसटीने सीबीएसला उतरून चालत आल्या होत्या. शेवटच्या खुर्चीवर बसल्या. आयत्या वेळच्या विषयासाठी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवून नाही म्हटलं, आणि आम्ही पुढच्याकडे वळलो. सभा संपल्यावर मी वही पुढे केली. त्यांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं. ‘कसं कळलं?’ च्या रकान्यात लिहिलं, ‘कॅलेंडर.’ आणि मग मला विचारलं, “मराठीची सभा कोणत्या शनिवारी असते?”